मेला की नुसता गप्प आहे?

‘फोन जोडून देणारा सर्व्हर, म्हणजे मधला संगणक, बंद पडला तर?’ असं विचारलं की ‘आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, एक पडला की दुसरा उचलून धरतो.’ हिंजवडी-खराडीकडच्या कॉल सेंटरांत हे उत्तर ठरलेलं असतं. आता तर हॉस्पिटलांचे आणि सोसायट्यांच्या गेटवरचे फोनही इंटरनेटवर चालतात, आणि ते विकणारे छातीठोकपणे ‘शंभर टक्के अपटाइम’, म्हणजे कधीच बंद पडणार नाही, असं सांगतात. शंभर टक्के काही नसतं. ‘पाच नऊ’ म्हणून मिरवली जाणारी ९९.९९९ टक्के उपलब्धतासुद्धा वर्षाला सव्वापाच मिनिटं बंद पडायची मुभा देते. तीन नऊ, म्हणजे ९९.९ टक्के म्हटलं तर पावणेनऊ तास. पण टक्के राहू देत. पहिला पडला हे दुसऱ्याला कळतं कसं, हे कोणी विचारतच नाही.

इंटरनेट फोनमध्ये दोन प्रवाह वेगवेगळे वाहतात. ‘अमक्याला फोन लाव, घंटी वाजव, ठेवला’ ही बोलणी सिप नावाच्या नियमावलीनुसार होतात. प्रत्यक्ष आवाज आरटीपी या दुसऱ्या नियमावलीच्या पॅकेटांतून, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांतून जातो, साधारण दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५०.

आता सर्व्हरांची जोडी घ्या. दोघांना मिळून एकच सामाईक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, असतो आणि फोनांना तेवढाच ठाऊक असतो. ज्याच्याकडे पत्ता, तो मास्टर; दुसरा बॅकअप. व्हीआरआरपी या पद्धतीत मास्टर दर सेकंदाला नेटवर्कवर हाळी देतो: ‘मी आहे.’ बॅकअप कान देऊन बसलेला असतो. एखादी हाळी चुकली तर तो हलत नाही, कारण एखाददुसरं पॅकेट वाटेत हरवतंच. सलग तीन सेकंद शांतता गेली की तो आणखी थोडं थांबतो, आणि या ‘थोडं’चं गणित मला भारी आवडतं. २५६ मधून आपला प्राधान्यक्रमांक वजा करायचा आणि २५६ने भागायचं. प्राधान्य १०० असेल तर ०.६१ सेकंद, २०० असेल तर ०.२२. बॅकअप तीन-चार असले तर जास्त प्राधान्याचा आधी उठतो आणि त्याची हाळी ऐकून बाकीचे खाली बसतात. ना बैठक, ना मतदान, एका वजाबाकीत वारस ठरतो!

उठल्याबरोबर तो कोणी विचारलेलं नसताना नेटवर्कभर सांगत सुटतो की हा पत्ता आता माझ्याकडे. स्विच, म्हणजे पॅकेटं योग्य तारेवर पाठवणारं यंत्र, आपल्या तक्त्यात नोंद बदलतो आणि पॅकेटं नव्या दाराकडे वळतात.

प्राधान्य १०० धरलं तर एकूण ३.६ सेकंद गेले. आवाज सर्व्हरमधून जात असेल तर चालू संभाषणातली प्रत्येक बाजूची १८० पॅकेटं गडप झाली. ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ एवढ्यावर भागतं. नेमका त्याच क्षणी कोणी नवा फोन लावला असेल तर गंमत आहे. यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेता पॅकेट पाठवायच्या पद्धतीने, सिपची मागणी उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा जाते: पहिल्यांदा लगेच, मग ०.५, १.५, ३.५ आणि ७.५ सेकंदांनी. ३.५ची थोडक्यात हुकते, ७.५ची नव्या सर्व्हरला मिळते आणि घंटी वाजते. लावणाऱ्याला वाटतं, आज नेटवर्क जरा ढिलं आहे. मात्र नव्या सर्व्हरला चालू कॉलची माहिती आधीपासून मिळत राहिली नसेल, तर तुम्ही फोन ठेवताना तो ४८१ क्रमांकाचं उत्तर देतो: असा कॉल माझ्याकडे नाहीच. गेलेल्या सर्व्हरच्या वहीत कॉल उघडाच राहतो आणि बिलाचा घोळ होतो.

खरी भीती पुढे आहे. मास्टर धडधाकट आहे, फक्त दोघांमधली तार तुटली आहे. बॅकअपला हाळी ऐकू येत नाही, तो पत्ता घेतो. मास्टरही सोडत नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते नक्की गेले याची खात्री अनेकांना पटेना. मग तोतया उभा राहिला, त्याला माणसं मिळाली, किल्लेही मिळाले, आणि १७७६मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत पुणे दरबाराच्या डोक्याला ताप झाला. सर्व्हरांच्या बाबतीत फरक एवढाच की दोघंही खरे असतात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. स्विचचा तक्ता इकडून तिकडे उड्या मारतो, फोनची नोंद एकाकडे, त्याला आलेला कॉल दुसऱ्याकडे.

दोघांत हे सुटत नाही, कारण दोघांत बहुमत होत नाही. तिसरा साक्षीदार लागतो: ज्याला तीनपैकी दोन मतं मिळतात तोच पत्ता धरतो, एकटा पडलेला निमूटपणे सोडतो. चौथा घेऊन उपयोग नाही. चारांत बहुमताला तीन लागतात, म्हणजे तरीही एकाचंच जाणं सोसतं. त्याहून रांगडा उपाय म्हणजे ताबा घेण्याआधी जुन्या सर्व्हरची वीजच तोडायची. मेला की गप्प आहे हे कळत नाही ना, मग मारूनच टाका.

आणि साक्षीदार त्याच रॅकमध्ये नको. आपल्याकडे दोन कंपन्यांची इंटरनेट लाइन घेतली तरी दोन्ही केबली एकाच चरातून येऊ शकतात, आणि रस्ता खोदणारा जेसीबी कंपनी बघत नाही. दोघांत सॉफ्टवेअर एकच असेल तर तोही एकच चर. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीचं न्यूयॉर्कमधलं एक स्विच, म्हणजे कॉल जोडणारं टेलिफोन यंत्र, बिघडून सावरलं. ते परत आल्याचे निरोप ऐकताना शेजारच्या स्विचांमधली चूक जागी झाली, ती पडली, सावरली आणि त्यांनी पुढच्यांना पाडलं. ११४ स्विच, सगळ्यांत तीच चूक, नऊ तास गोंधळ.

दसऱ्याला सर्व्हरला हार घालायला माझी हरकत नाही, पंख्यात झेंडू जाऊ देऊ नका म्हणजे झालं. पण ‘आज अमावास्या आहे, फेलओव्हरची चाचणी पुढच्या आठवड्यात’ (फेलओव्हर म्हणजे दुसऱ्याने ताबा घेणं) हे मी इंजिनिअरांच्या तोंडून ऐकलं आहे. केबल तुटताना पंचांग बघत नाही. चाचणी म्हणजे भर कामाच्या वेळी मास्टरची तार उपटणं.

तसं केलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल. फोन टीसीपी जोडणीवर, म्हणजे सर्व्हरशी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवर, असतील तर त्या सगळ्या जोडण्या एकदम तुटतात आणि दहा हजार फोन एकाच वेळी नव्या सर्व्हरच्या दारात उभे राहतात. पासवर्डची उलटतपासणी असल्याने प्रत्येकाचे किमान दोन निरोप. नवा सर्व्हर त्या रेट्यानेच कोलमडू शकतो. म्हणून २००९च्या एका सिप मानकात फोनांना सांगितलं आहे की प्रत्येकाने वेगवेगळा, यदृच्छेने निवडलेला वेळ थांबावं आणि अपयश आलं की तो वाढवत न्यावा. फोन बिचारे ते पाळतात. माणसं मात्र पडद्यावर ‘नो सर्व्हिस’ दिसलं की फोन बंद करून पुन्हा चालू करतात, आणि तो थेट रांगेच्या पुढे घुसतो.