देवगिरीच्या पाडावामागचे मंगोल

देवगिरीच्या पाडावाची गोष्ट आपण 1296 पासून सांगतो. अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन थडकला, रामदेवरायाचं सैन्य बाहेर होतं, मग धान्य म्हणून गडावर नेलेल्या पोत्यांत मीठ निघाल्याची ती ऐकीव कथा. पण खिलजींच्या दिल्लीला एवढी फौज आणि एवढा पैसा का लागत होता, हे समजायला मध्य आशियात, सिरदर्या नदीकाठच्या ओत्रार शहराला जावं लागतं.

1218 मध्ये चंगेजखानाकडून आलेला व्यापाऱ्यांचा तांडा ओत्रारच्या सुभेदाराने हेर ठरवून कापून काढला. ओत्रार ख्वारिझमच्या राज्यात होतं; जाब विचारायला आलेल्या वकिलालाही तिथल्या शाहाने मारलं. मंगोलांच्या लेखी वकिलाला हात लावण्याला माफी नव्हती. 1220 मध्ये बुखारा आणि समरकंद पडले. पुढच्या वर्षी शाहाचा मुलगा जलालुद्दीन सिंधूकाठी हरला आणि घोड्यासकट नदीत उडी टाकून अलीकडे आला. त्याने दिल्लीकडे आसरा मागितला. चंगेजखानाचा रोष ओढवू नये म्हणून सुलतान इल्तुतमिशने तो गोड बोलून नाकारला. दिल्लीच्या तख्तावर इतका शहाणा नकार क्वचितच दिला गेला असेल.

1258 मध्ये मंगोलांच्या हाती बगदाद गेलं, 1279 मध्ये चीनमधली सुंग सत्ता संपली. मधल्या काळात, 1259 मध्ये मंगोल सम्राट मोंगके खान वारला आणि भाऊबंदकीत साम्राज्याचे चार तुकडे झाले. हिंदुस्थानच्या वाट्याला शेजारी म्हणून मध्य आशियातले चुगताई मंगोल (चंगेजखानाच्या चुगताई या मुलाच्या घराण्याचे) आले.

1299 मध्ये ते दिल्लीजवळ किलीपर्यंत पोचले. 1303 चा प्रसंग याहून बाका होता. अल्लाउद्दीन चितोडहून नुकताच परतलेला, फौज थकलेली, आणि मंगोल सरदार तरगीने दिल्लीला वेढा दिला. सुलतान दिल्लीलगतच्या सिरीला खंदक खणून बसला. दोनेक महिन्यांनी मंगोल आपणहून परत गेले.

या धसक्यातून बाजारनियंत्रण आलं, असं बरनी हा इतिहासकार सांगतो. मोठी खडी फौज हवी, पण नेहमीच्या पगारात ठेवली तर खजिना काही वर्षांत रिता होणार. उपाय काय, तर पगार कमी आणि स्वस्ताई जास्त. स्वाराला वर्षाला 234 टंके (चांदीची नाणी). गहू मणाला साडेसात जितल (टंक्याहून खूप लहान नाणं), तांदूळ पाच. गंगा-यमुनेमधल्या दुआबातल्या शेतकऱ्याकडून निम्मं पीक सारा म्हणून. घोड्यांना डाग, म्हणजे हजेरीला उसनं घोडं दाखवता येऊ नये. वजनात मारणाऱ्या दुकानदाराच्या अंगाचं तेवढंच मांस कापत. बरनी काही गोष्टी रंगवून सांगतो हे धरलं, तरी मंगोलांच्या धास्तीचा भार शेतकरी आणि वाण्यावर पडला, हे उघड आहे.

दक्षिणेच्या मोहिमांमागे केवळ मंगोलच होते असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. 1296 ची लूट तर अल्लाउद्दीनने चुलत्याचं तख्त बळकावायला वापरली. पण ही फौज पोसायला सोनं लागतच होतं. 1306 मध्ये अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याने रावीकाठी मंगोलांना हरवलं आणि लगोलग, 1307-08 मध्ये, थकलेल्या खंडणीसाठी तोच देवगिरीवर आला. रामदेवरायाला दिल्लीला नेलं, ‘रायरायान’ किताब देऊन परत पाठवलं. नंतर काफूर आणखी दक्षिणेकडच्या वारंगळ आणि द्वारसमुद्र या राजधान्यांवर चालून गेला, तेव्हा त्याच्या फौजेला देवगिरीनेच रसद पुरवली.