वांझ रोग, तुरीवरील

तूर पिकाचा विषाणुजन्य रोग. शास्त्रीय लेखनात ‘वंध्यत्व मोझॅक’ असे नाव आढळते. रोगट झाडाची पाने लहान, फिकट व चट्टेदार होतात, फांद्यांची दाटी होते आणि फुले-शेंगा लागत नाहीत. भोवतालची तूर वाळू लागली तरी असे झाड हिरवेच राहते. पुष्कळदा ते नजरेत भरते तेव्हाच, म्हणजे उपायाची वेळ टळल्यावर. लागण पेरणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात झाल्यास झाडाचे उत्पन्न जवळजवळ पूर्ण बुडते.

रोगाची पहिली नोंद 1931 मध्ये पुसा (बिहार) येथून झाली, असे सामान्यतः मानतात. रोग त्याहून जुना असावा. तो कलमातून पसरतो हे 1952 मध्ये, तर एरिओफाइड नावाच्या अतिसूक्ष्म कोळ्यामार्फत (माइट) पसरतो हे 1962 मध्ये दाखवले गेले. तरीही विषाणूचे कण हाती लागेनात, म्हणून कोळ्याच्या लाळेतील विषामुळे विकृती होत असावी, असाही तर्क होता. कोळ्यावाचून नुसत्या कलमातूनही रोग पसरतो हे पाहता हा तर्क दुबळाच होता. 2000 च्या सुमारास हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या संशोधनातून विषाणूचे कण वेगळे करता आले. पुढे इमाराव्हायरस गटातील दोन विषाणू ओळखले गेले. रोगाला ‘कीटकवाहित’ म्हणणे मात्र सैलच. कोळी कीटक नव्हे, आणि या कोळ्याला तर आठ नव्हे, चारच पाय असतात. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, वाऱ्यावर वाहत जातो आणि तूर व तिच्या रानटी भाईबंदांखेरीज इतरत्र फारसा जगत नाही. बियाण्यातून रोग पसरत नाही.

कोळी तुरीखेरीज फारसा जगत नाही आणि रोग बियाण्यातून येत नाही, या दोन गोष्टींवरच नियंत्रण बेतलेले आहे. बांधावर, परसात राहिलेली किंवा खोडवा धरलेली तूर हे कोळ्याचे उन्हाळी घर. ती पेरणीआधी उपटावी. शेतातील रोगट झाडेही दिसताच काढावीत. कोळीनाशक फवारणीत पूर्वी डायकोफॉलची शिफारस असे. 2023 मध्ये देशात त्यावर बंदी आली.

मराठवाड्यात खरा भर प्रतिकारक वाणांवर राहिला. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातून बीएसएमआर 736 (लाल) व बीएसएमआर 853 ‘वैशाली’ (पांढरी) हे वाण आले. नावातील अक्षरे गाव आणि रोगाचे इंग्रजी नाव यांवरून घेतलेली दिसतात. नंतरचा बीडीएन 711 लवकर येणारा आहे. वाण पारखताना रोगट पान निरोगी रोपाच्या पानाला स्टेपलरने टाचतात. त्यावरचे कोळी नव्या पानावर उतरतात. विषाणूचे प्रकार प्रदेशागणिक वेगळे असल्याने पाटणचेरूस टिकणारा वाण बंगळूरूस टिकेलच असे नाही.

मूग, उडीद व सोयाबीनवरील पिवळा मोझॅक (केवडा) निराळा. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो.