सहसंयुज आणि आयनिक संयुगे

दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवली की सहसंयुज बंध होतो. एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला आणि विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना धरून बसले, तर संयुग आयनिक. १९१६ साली गिल्बर्ट लुईस यांनी पहिली कल्पना मांडली, त्याच वर्षी वाल्टर कोसेल यांनी दुसरी.

भाईंदरकडच्या मिठागरात हा फरक उघड्यावर पाहायला मिळतो. वाफ्यात घेतलेले खाडीचे पाणी उन्हाने उडून जाते, मीठ तळाशी राहते. उडाले ते सहसंयुज, उरले ते आयनिक. मात्र पाणी उडताना रेणूतला हायड्रोजन-ऑक्सिजन बंध तुटत नाही, तो चांगला मजबूत असतो. सुटते ती शेजारच्या रेणूंमधली ओढ. ‘सहसंयुज बंध कमकुवत, म्हणून उत्कलनांक कमी’ हे पाठ केलेले उत्तर त्यामुळे चुकीचेच आहे. मिठात मुळात सुटा रेणूच नसतो. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, अशी सलग रचना असते. मीठ वितळवायचे तर ती सगळीच मोडावी लागते, म्हणून त्याला ८०१° से. तापमान लागते.

वासाचेही तेच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या गोदामात टोल्युइन या सहसंयुज द्रावकाच्या पिंपाचे झाकण सैल राहिले तर लगेच नाकाला कळते, कारण त्याचे सुटे रेणू हवेत मिसळतात. शेजारच्या गोणीतल्या मिठाला वास नाही.

खाडीच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाकातून जवळजवळ नाही. कोरड्या मिठातूनही वाहत नाही, कारण आयन जागचे हलत नाहीत.

अपवाद बरेच आहेत. वाळूतली सिलिका सहसंयुज असूनही तिचे सलग जाळे सुमारे १,७१०° से.पर्यंत वितळत नाही. हायड्रोजन क्लोराइड वायुरूपात सहसंयुज, पाण्यात शिरताच त्याचे आयन होतात. ठाणे खाडीतल्या कालवांच्या शिंपल्यांत तर दोन्ही बंध एकत्र नांदतात. कॅल्शिअम आणि कार्बोनेट यांच्यामधला बंध आयनिक, कार्बोनेटच्या आतले कार्बन-ऑक्सिजन बंध सहसंयुज. शिवाय ‘आयनिक संयुगे पाण्यात विरघळतात’ हा नियमही शिंपले पाळत नाहीत. कालव मेले तरी ते चिखलात तसेच पडून राहतात.