फिरंगी पाते, देशी मूठ : लिलावातल्या जुन्या तलवारींची पार्श्वभूमी

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या नावाची एक तलवार लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरी लेख आहे. त्यातली नाव आणि किताब ही अक्षरे बातम्यांत गाजली. परंतु जुनी शस्त्रे पारखणाऱ्याची नजर प्रथम अडकावी ती त्याच लेखातल्या ‘फिरंग’ या शब्दावर. पाते युरोपातून आलेले आहे, हे मालकाने लपवले नव्हते, मिरवले होते.

सतराव्या शतकात पोर्तुगीज, डच आणि इंग्रज जहाजांतून जर्मनीतल्या सोलिंगनची आणि उत्तर इटलीची लांब, सरळ, लवचीक पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत असत. इथले कारागीर त्यांना बोटे झाकणारी रुंद मूठ चढवत, पात्याच्या बुडाशी लोखंडी पट्ट्या रिव्हेट करून आधार देत आणि पाते लाखेने मुठीत घट्ट बसवत. मूठ खिळखिळी झाली की नवी चढे. पाते मोडले की उरलेल्या तुकड्याची कट्यार होई. तंजावरच्या मराठ्यांच्या शस्त्रागारातल्या कित्येक कट्यारींची पाती अशीच युरोपीय आहेत. त्यामुळे लिलावाच्या छायाचित्रांतून एखाद्या तलवारीचे पाते १६५० च्या आसपासचे आणि मूठ त्यानंतर शंभर वर्षांची वाटली, तर ती लगेच ‘जुळवलेली’ म्हणून बाद करणे चूक ठरेल. मराठी तलवारीच्या बाबतीत दोन वये असणे हाच बहुधा नियम होता.

पात्यावरच्या खुणांचे प्रकरण याहून फसवे आहे. दातेरी चंद्रकोरींची जोडी ही मूळची जेनोआची मानली जाणारी खूण युरोपात इतरत्र उमटवली गेलीच, शिवाय आपल्याकडच्या लोहारांनीही ती गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी बिनदिक्कत ठोकली. पासाव आणि सोलिंगनचा धावता लांडगा, आंद्रेआ फेरारा या इटालियन पातेकाराचे नाव यांचीही हीच कथा. इराणी पद्धतीच्या वक्र पात्यांवर इस्फहानच्या असदुल्ला या नामांकित तलवारकाराची सही इतक्या मोठ्या कालखंडात सापडते की ती एका माणसाची असणे शक्यच नाही. थोडक्यात, खूण खोटी असली तरी पाते तीनशे वर्षांचे असू शकते. नक्कल करणाराच तीनशे वर्षांपूर्वीचा होता.

ही शस्त्रे मालकांच्या घरांतून बाहेर पडली ती एकोणिसाव्या शतकात. १८५५ मध्ये तंजावरचा शेवटचा राजा वारल्यावर तिथले शस्त्रागार पुढच्या काही वर्षांत मोडीत निघाले आणि निवडक वस्तू तेवढ्या मद्रासच्या संग्रहालयाने राखल्या. १८५७ च्या निःशस्त्रीकरण कायद्याने गावोगावची हत्यारे गोळा झाली. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी त्याच वर्षी याविरुद्ध उठाव केला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलेसुरले परवान्याखाली आले. लढाईची तलवार अशी नाहीशी होत असतानाच शोभेच्या तलवारीची मागणी मात्र वाढली. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६ च्या दौऱ्यात संस्थानिकांनी नजर केलेली शस्त्रे, मोठी प्रदर्शने आणि साहेबांच्या दिवाणखान्यांतल्या भिंती यांच्यासाठी सियालकोटसारख्या गावांतले कोफ्तगार लोखंडावर बारीक रेघोट्या ओढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवत होते. हे काम आज दीडशे वर्षांचे आहे, म्हणून ते ‘पुरातन’ नक्कीच; पण त्या तलवारीने रणांगण पाहिलेले नाही. विक्रेत्याच्या वर्णनात या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते, आणि ती नेहमीच अजाणतेपणी होते असे मला वाटत नाही.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर नेण्यास बंदी घातली. म्हणून अस्सल जुन्या भारतीय तलवारींचा उघड बाजार मुख्यतः लंडनसारख्या ठिकाणी, पूर्वीच तिकडे पोहोचलेल्या संग्रहांवर चालतो, तर राजस्थानातल्या कारखान्यांतून नव्या प्रतिकृती जगभर जातात. ऑनलाइन लिलावात एखादी ‘अठराव्या शतकातली’ तलवार थेट भारतातून परदेशी पाठवण्याची तयारी दिसली, तर ती नवी असणार किंवा ती पाठवणे बेकायदा असणार. तिसरी शक्यता फारशी उरत नाही.

नव्या मालावर आम्लाने उठवलेली लहरदार नक्षी हमखास असते. जुन्या तेलंगी पोलादाचे, म्हणजे निजामाबादजवळच्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवलेल्या पोलादाचे पाणी, म्हणजे तशीच लहरदार नक्षी, मात्र धातूच्या अंगातच असते. घासले तर पुसट होते आणि योग्य आम्ल लावले की पुन्हा उमटते. नुसत्या छायाचित्रावरून हा फरक ओळखणे कठीण, म्हणून मूठ आणि पाते जिथे मिळतात त्या जागेचे जवळून घेतलेले चित्र आधी मागवावे. तिथे काळपट-तांबूस, तडकलेली लाख दिसते की एपॉक्सी हा चकचकीत आधुनिक डिंक, ते पाहावे. एपॉक्सी दिसली तर पाते त्या मुठीत अलीकडे बसवले आहे एवढेच कळते. पात्याचे वय ठरवायचे काम तसेच बाकी राहते.