इळा, इडा की इला? एका नावाची पार्श्वभूमी

दोन अक्षरी नावांची ओढ वाढली आणि इरा, मीरा सगळीकडे ऐकू येऊ लागल्या. इळा मात्र क्वचितच कुणी ठेवतं. ठेवणाऱ्यांचंही घोडं आधी अक्षराशी अडतं: ळ, ड की ल?

ऋग्वेदात हे नाव ळ घेऊनच येतं. पहिल्या मंडलातल्या 13 व्या सूक्तात ‘इळा सरस्वती मही’ अशा तीन देवींना एकत्र बोलावलं आहे. यजुर्वेदात तीच इडा होते. ऋग्वेदाच्या प्रचलित पाठात (त्याला शाकल पाठ म्हणतात) दोन स्वरांमध्ये आलेल्या ड चा ळ होतो. पहिल्याच ऋचेतलं ‘अग्निमीळे’ याच नियमाचं. पुढच्या संस्कृतात ळ मावळला आणि पुराणांमुळे इला हे रूप रूढ झालं. त्यामुळे इला चूक नाही, पण ‘शुद्ध हवं तर ल लावा’ हा सल्ला नक्कीच चूक आहे. बाळ, कमळ, आभाळ म्हणणाऱ्यांनी तरी ळ ला गावठी मानू नये. गुजरातीतही ळ आहे, तरी तिथे इलाच रुळलं. बंगालीत तर ते अक्षरच नाही.

मराठीत आणखी दोन शब्द आडवे येतात. ‘इडा पिडा टळो’ म्हणत ओवाळणाऱ्या आजीला नातीचं नाव इडा कसं रुचणार? त्या जोडशब्दाचा अर्थ संकट. त्याचा रोख या देवीकडे नाही. दुसरा शब्द बोलीतला. खेड्यापाड्यांत विळ्याला इळा म्हणतात. तो पुल्लिंगी, हे नाव स्त्रीलिंगी, आणि वाक्यात दोन्हींची गल्लत होत नाही.

अर्थाची बाजू भरभक्कम आहे. अमरकोशात इडा-इला म्हणजे गाय, पृथ्वी आणि वाणी. यज्ञात हविर्द्रव्याचा, म्हणजे आहुतीच्या पदार्थाचा, जो भाग काढून ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित) आणि यजमान मिळून खातात, तीही इडा; तिच्यासाठी वेगळं इडापात्र असतं. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात प्रलयानंतर एकटा उरलेला मनू पाण्यात तूप, दही यांची आहुती देतो आणि वर्षभराने त्यातून एक स्त्री वर येते. तिच्या पावलाच्या ठशात तूप साचतं. ती मनूची मुलगी इडा. मुलीच्या नावामागे याहून सुंदर चित्र मला तरी माहीत नाही. पुराणांत ती पुरूरव्याची आई, चंद्रवंशाचं मूळ. तिथल्या स्त्री-पुरुष रूपबदलाच्या कथेमुळे काही घरं बिचकतात, पण ती कथा बरीच नंतरची.

आता खरा प्रश्न कागदाचा. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार बाळाची नोंद नावाविनाही होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. रोमन लिपीत ळ आणि ल दोन्ही ‘एल’नेच लिहितात. मोठा ‘आय’ आणि त्यापुढचा छोटा ‘एल’ तर कित्येक टंकांत (फॉन्टमध्ये) दोन सारख्या उभ्या रेघाच दिसतात. त्या रोमन अक्षरांवरून मराठी रूप यंत्राने भरलं, की ‘ळा’चा ‘ला’ होतो. आईवडिलांनी ठरवलेलं अक्षर असं कुणी न ठरवताच बदलतं. म्हणून जन्म प्रमाणपत्राच्या कच्च्या प्रतीतला मराठी रकाना डोळ्यांनी तपासावा. प्रमाणपत्रावर ‘ला’ छापला गेला, तर दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.