परतीचं ओझं: शिकाऱ्यांच्या मोठ्या सॅकमागचा इतिहास

अमेरिकेत रॉकी पर्वतात किंवा अलास्कात आठवडाभर शिकारीला निघालेला माणूस जाताना फारसा लादलेला नसतो. तंबू, स्लीपिंग बॅग, शिधा, दुर्बीण, रायफल किंवा धनुष्य, सगळं मिळून वीस-पंचवीस किलो. खरी कसोटी शिकार साधल्यावर सुरू होते. पूर्ण वाढलेल्या नर एल्कचं (हे एक मोठं हरण) हाडं काढलेलं मांसच ऐंशी ते शंभर किलो भरतं, आणि अलास्कातल्या मोठ्या मूसचं (हे हरणांच्या कुळातलं सर्वांत मोठं जनावर) सव्वादोनशेच्या घरात जातं. गाडीरस्ता आठ-दहा किलोमीटरवर, मध्ये एखाद-दोन दऱ्या, आणि पुष्कळ ठिकाणी वाहन आत न्यायला कायद्यानेच मनाई. मग ते मांस खेपा करत माणसाच्या पाठीवरूनच बाहेर येतं. बाजारातल्या मोठ्या शिकारी सॅकची घडण या परतीच्या ओझ्याने ठरवली आहे. सॅक निवडताना आणि तपासताना नजर त्याच ओझ्यावर हवी, असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याची कारणं तिच्या इतिहासात आहेत.

इतिहास जुना आहे. १९९१च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, ३,२१० मीटर उंचीवर बर्फात गोठलेल्या स्थितीत सापडलेला ‘ओट्झी’ हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ अर्धवट घडवलेलं धनुष्य होतं, बाण होते, आणि पोटात आयबेक्स (डोंगरी रानबकरा) व लाल हरणाचं मांस होतं. शेजारीच हेझलची यू आकारात वाकवलेली काठी आणि लार्चच्या आडव्या फळ्या मिळाल्या. बहुतेक अभ्यासक ती पाठीवर ओझं वाहायची चौकट मानतात. ताठ चौकट, तिला बांधलेलं ओझं आणि दोन्ही हात मोकळे: आजच्या सॅकचा गाभाही हाच आहे.

उत्तर अमेरिकेत युरोपीय लोक येण्याआधीपासून मूळ रहिवासी कपाळपट्टीने ओझी वाहत. फरच्या व्यापारातले नावाडी तेच त्यांच्याकडून शिकले. नदीवर धबधबा आला की नाव रिकामी करायची आणि गठ्ठे पाठीवर घेऊन पलीकडे जायचं. एक गठ्ठा सुमारे ४१ किलोचा, आणि रिवाजाप्रमाणे एका खेपेला दोन. नेपाळ किंवा उत्तराखंडात ट्रेक केलेल्या मराठी माणसाने कपाळपट्टीची ही पद्धत डोळ्यांनी पाहिलेली असते. ‘सायन्स’ नियतकालिकात २००५मध्ये आलेल्या एका अभ्यासात नेपाळी पुरुष हमाल सरासरी आपल्या वजनाच्या ९३ टक्के ओझं नेताना आढळले. पण मानेला ती सवय लहानपणापासून लागते. चाळिशीतल्या शहरी शिकाऱ्याला ती आयत्या वेळी जमणारी नाही. त्यामुळे पुढची सगळी शोधाशोध खांद्यावरचा भार दुसरीकडे कुठे द्यायचा, याभोवती फिरत राहिली.

नॉर्वेच्या ओले बर्गन यांची गोष्ट या शोधाशोधीची सुरुवात म्हणून सांगितली जाते. १९०८च्या सुमारास शिकारीला गेले असताना त्यांची झोळी पाठीला घासू लागली. त्यांनी जुनिपरची फांदी पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवून झोळीला बांधली, आणि पुढच्याच वर्षी चौकटीच्या सॅकचं पेटंट घेतलं.

अमेरिकन शिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र मला लॉइड नेल्सन हा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. १९२०च्या सुमारास ते अलास्कात असताना त्यांनी तिथल्या आदिवासींच्या पद्धतीची, काठ्यांवर सीलचं कातडं ताणून केलेली चौकट वापरली. कल्पना उत्तम होती, पण पाठीला टोचत होती. वॉशिंग्टन राज्यात परत आल्यावर त्यांनी स्वतःची चौकट बांधली आणि १९२४मध्ये तिचं पेटंट मिळवलं. ‘ट्रॅपर नेल्सन’ या नावाने ती पुढे कित्येक दशकं विकली गेली. वनखात्याचे कर्मचारी, स्काउट, शिकारी, सगळ्यांच्या पाठीवर ती दिसे.

तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. लाकडाच्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. त्यांच्याभोवती कॅनव्हास दोरीने घट्ट ताणलेला, म्हणजे पाठीला लागणार कापड आणि लाकूड राहणार लांब. पिशवी चौकटीला शिवलेली नव्हती. चौकटीवरच्या छोट्या कड्यांतून पोलादी तार ओवून ती अडकवलेली असे. तार ओढून काढली की पिशवी सुटायची, आणि उघड्या चौकटीवर अख्खं हरण बांधता यायचं. पिशवी बाजूला करून ओझं थेट चौकटीला बांधायचं, ही शिकारी सॅकची मूळ कल्पना शंभर वर्षांपूर्वीच इथे पूर्ण झाली होती. कमी होती ती कंबरेची. सगळा भार अजून खांद्यांवरच होता.

ती कमी डिक केल्टींनी भरून काढली. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचा हा सुतार. सिएरा नेवाडात भटकताना त्यांच्या सोबत्याने चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली आणि खांदे एकदम हलके झाले, असं सांगतात. त्यातून कंबरपट्टा आला. १९५२मध्ये केल्टींनी विमानांसाठी वापरतात त्या प्रकारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या पाठीच्या आकारात वाकवून चौकटी विकायला सुरुवात केली. चौकटी ते स्वतः बनवत, पिशव्या त्यांची पत्नी नीना घरी शिवत. पहिल्या वर्षी २९ सॅक गेल्या. १९६३च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत केल्टीच्या सॅक होत्या. सह्याद्रीत आज आपण ज्या सॅक नेतो, त्यांचा कंबरपट्टा याच वंशावळीतला. भार मांड्यांच्या मोठ्या स्नायूंनी उचलायचा आणि खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा, ही वाटणी तिथे पक्की झाली.

यानंतर वाटा फुटल्या. १९६७मध्ये ग्रेग लो यांनी चौकट पिशवीच्या आत नेली. बाहेरची नळ्यांची चौकट गिर्यारोहकाला कड्यावर अडते, झाडीत अडकते आणि हेलकावे देते. आतली चौकट पाठीला चिकटून राहते. छातीवरचा पट्टा, बाजूंचे आवळपट्टे आणि खांद्यावरून वर जाणारा ओढपट्टा यांचा प्रसारही याच सॅकपासून झाला. ट्रेकिंगचं जग हळूहळू सगळंच तिकडे वळलं. शिकारी मात्र तीसेक वर्षं बाहेरच्या चौकटीलाच धरून बसले. कारण साधं होतं. मूसची अख्खी मांडी पिशवीत मावत नाही, आणि मावली तरी स्लीपिंग बॅगशेजारी रक्त गळणारं मांस कुणाला नको असतं. अलास्कात तर पिशवीच नसलेली, खाली फळीसारखा आधार असलेली ‘फ्रेटर’ चौकट अजूनही चालते.

हे एवढं मांस वाहून आणायचा अट्टहास कशाला, हा प्रश्न आपल्याकडे साहजिक आहे, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौशी शिकार संपलीच. अमेरिकेचा रस्ता वेगळा होता. एकोणिसाव्या शतकात तिथे बाजारासाठी बेसुमार कत्तल झाली. बायसन कातड्यासाठी मारायचे आणि मांस माळावर सडू द्यायचं, असं चाललं होतं. एल्कची संख्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक लाखाच्याही खाली गेली. त्या विध्वंसानंतर जे कायदे झाले त्यांत शिकारीचं मांस विकण्यावर बंदी आली, हंगाम आणि परवाने आले, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं हा गुन्हा ठरला. अलास्काचे नियम सगळ्यांत कडक. मूसच्या चारही तंगड्या, मान, छाती, बरगड्यांवरचं मांस, सगळं बाहेर आणावं लागतं. शिंगं आधी नेता येत नाहीत. ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबरच निघाली पाहिजेत. काही विभागांत मांस हाडांसकटच आणायचं असतं, म्हणजे वजन आणखी वाढलं. हे नियम मला मनापासून पटतात. जीव घेतला तर त्याचा पूर्ण वापर करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, हे कायद्याच्या भाषेत इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं आहे. आज अमेरिकेत एल्क दहा लाखांच्या आसपास आहेत, त्यामागे या शिस्तीचा वाटा मोठा.

दुसरी गोष्ट जमिनीची. १९६४च्या वाइल्डरनेस अ‍ॅक्टने, म्हणजे रानं जशीच्या तशी राखण्याच्या कायद्याने, सुरुवातीला ९१ लाख एकर राखीव केले. आज हे क्षेत्र ११ कोटी एकरांच्या पुढे आहे. तिथे मोटार चालत नाही, सायकलसुद्धा चालत नाही. घोडे आणि खेचरं चालतात, आणि पूर्वी बहुतेक शिकारी ती बाळगणाऱ्या व्यावसायिकांबरोबरच जात. पण हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. जमीन सार्वजनिक, परवाना हातात, पण जनावर नाही, अशा माणसासाठी सॅक हेच खेचर झालं.

या गरजेतून आजची सॅक घडली, आणि तिचा पत्ता बऱ्याच अंशी मोंटानातलं बोझमन हे गाव. तिथे डेना ग्लीसन यांनी १९८५मध्ये ‘डेना डिझाइन’ आणि २०००मध्ये ‘मिस्टरी रँच’ सुरू केली. मिस्टरी रँचच्या सॅक सैनिकांनी आणि वणवा विझवणाऱ्या दलांनी उचलल्या, आणि जड ओझ्याचा तो अनुभव शिकारी सॅकमध्येही उतरला. ही कंपनी २०२४मध्ये ‘येटी’ने विकत घेतली. कोलोरॅडोत पॅट्रिक स्मिथ यांची ‘किफारू’ होती; पुढे २०१२मध्ये बोझमनमध्येच ‘स्टोन ग्लेशियर’ निघाली. या सगळ्यांत एक समान कल्पना आहे, तिला शिकारी ‘लोड शेल्फ’ म्हणतात. आवळपट्टे सैल केले की पिशवी चौकटीपासून वहीच्या पानासारखी उघडते. मधल्या फटीत मांस भरलेल्या जाळीदार पिशव्या ठेवायच्या, खालचा पट्टा घट्ट करून त्या दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये येतील इतक्या वर उचलायच्या आणि सगळं आवळून टाकायचं. मांस पाठीला चिकटून, सामान त्याच्या बाहेर, आणि रक्त स्लीपिंग बॅगपासून दूर. नेल्सनच्या तारेने जे साधायचं ते आता दोन-चार बकलांनी साधतं, फक्त चौकट आता पाठीबरोबर वळणारी आहे.

ओझ्याच्या जागेवर शिकारी इतका जीव का टाकतात ते चाळीस किलो घेऊन चढ चढल्यावरच कळतं. भार पाठीपासून हातभर मागे सरकला की बैलगाडी उलाळते तशी सॅक माणसाला मागे खेचते, आणि तो सारखा पुढे वाकून चालतो. दिवसाअखेर कंबर मोडते ती या वाकण्याने. त्याच कारणाने चौकटीची उंची महत्त्वाची. खांद्यावरचा ओढपट्टा चौकटीच्या वरच्या टोकापासून खांद्याकडे तिरपा उतरायला हवा, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांत. चौकट खांद्याच्याच पातळीला संपत असेल तर तो पट्टा आडवा पडतो आणि काहीच उचलत नाही. दुकानात पंधरा किलो भरून हे लक्षात येत नाही.

म्हणून परीक्षा परतीच्या वजनाची घ्यावी. आधी पाठ मोजायची: मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी वर येणाऱ्या मणक्यापासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. माणसाच्या उंचीवरून हा अंदाज बांधू नये. मग वाळूच्या पिशव्या चौकट आणि पिशवीच्या मध्ये, मांस जिथे असेल तिथेच बांधायच्या. पिशवीच्या तळाशी टाकलेली वाळू खोटी परीक्षा देते. वजन पंधरा किलोपासून चढवत न्यावं आणि शेवटी पस्तीस-चाळीसवर खरा चढ-उतार करावा. काही जण पाण्याचे कॅन वापरतात: वर चढायचं, माथ्यावर पाणी ओतून द्यायचं आणि गुडघ्यांना त्रास न देता उतरायचं. सरावासाठी हे चांगलं, पण सॅकची परीक्षा उतारावरही व्हायला हवी, कारण कंबरपट्टा घसरतो तो तिथेच. अमेरिकेत वणवा विझवणाऱ्या दलांची शारीरिक चाचणी सुमारे २० किलो घेऊन ४५ मिनिटांत ४.८ किलोमीटर अशी असते. बरेच शिकारी तीच पहिली पायरी मानतात.

आणखी एक गोष्ट नुसती चालून कळत नाही, ती म्हणजे उठणं. चाळीस किलोची सॅक उभ्याने पाठीवर घेणं कठीण. ती उतारावर टेकवून, बसून पट्टे चढवावे लागतात, मग एका कुशीवर कलून हात-गुडघ्यांवर यायचं आणि तिथून उभं राहायचं. या हालचालीत कमकुवत चौकट पिळवटते आणि कंबरपट्ट्याचा जोड करकरतो. करकर फक्त कानाला खुपते असंही नाही. शांत पहाटे जनावराला ती दुरून ऐकू जाते. चढताना कापड फांदीला घासून वाजतं का, तेही तेव्हाच पाहून घ्यावं.

कंबरपट्टा तपासताना दोन्ही बाजूंना आवळायला किती जागा उरते ते बघावं. पहिल्याच दिवशी पट्टा शेवटपर्यंत खेचला जात असेल तर तो मापाने मोठा आहे. दहा दिवसांच्या डोंगरचालीत माणूस वाळतो, आणि हंगामाच्या शेवटी, नेमक्या सर्वांत जड खेपेला, तोच पट्टा कंबरेवरून खाली उतरू लागतो.