स्टेनेसचे दगड आणि ‘शेड्यूल’चा घोळ

स्कॉटलंडमधल्या जुन्या दगडांची बातमी आली की ‘शेड्यूल्ड मॉन्युमेंट’ हा शब्द येतोच. मराठीत त्याचं ‘अनुसूचित स्मारक’ होतं आणि आपल्या डोक्यात भलतीच अनुसूची येते. मूळ अर्थ अगदी कोरडा आहे. ब्रिटनच्या 1882च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याच्या शेवटी एक यादी जोडली होती, तीच शेड्यूल. तीत स्कॉटलंडची 21 ठिकाणं होती, ऑर्कनी बेटांवरचं स्टेनेस, म्हणजे उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ, त्यातलंच. पण यादीत नाव लागलं म्हणून दगड सरकारजमा होत नसे. मालकी जुन्याच माणसाची. त्याने आपणहून देखभाल सरकारकडे सोपवली नसेल, तर त्याने स्वतःचा दगड फोडला तरी कायदा गप्प! सक्तीचे दात आले ते 1913 साली.

कायद्याची गरज स्टेनेसला फार आधी कळली होती. तिथली जमीन कसणारं कूळ बाहेरगावचं. दगड बघायला येणाऱ्यांच्या वर्दळीला वैतागून त्याने डिसेंबर 1814 मध्ये ओडिनची शिळा फोडली. या शिळेला आरपार भोक होतं. जोडपी दोन बाजूंना उभी राहून त्यातून एकमेकांचा हात धरत आणि आणाभाका घेत. मग वर्तुळातला एक दगड फुटला, एक आडवा झाला, तेव्हा कुठे त्याला आवरलं. चिडलेल्या लोकांनी त्याचं घर जाळायचाही प्रयत्न केला.

सरकारी हातही काही फार हळुवार नव्हते. 1906 मध्ये दगड सरकारच्या देखभालीत आले, पडलेला उभा केला, इथवर ठीक. पुढच्या वर्षी मात्र वर्तुळाच्या आत उभ्या दगडांवर आडवी शिळा ठेवून चक्क ‘वेदी’ रचली! पुरावा तोकडा, कल्पना भरघोस. 1972 मध्ये ती कोणीतरी पाडली. कृत्य बेकायदा खरं, पण वरची शिळा पुन्हा चढवली नाही, हे शहाणपणाचं झालं. 1979च्या कायद्याने पुढे यादीतल्या स्मारकाच्या दुरुस्तीलासुद्धा आधी परवानगी लागू लागली.

मूळ वर्तुळ इ.स.पू. 3100च्या सुमाराचं, बहुधा 12 दगडांचं. 1999 पासून ते जागतिक वारशात आहे. आज चारच उभे आहेत, फरशीसारखे पातळ आणि दुमजली घराएवढे उंच. त्यांच्या बुडाशी मेंढ्या चरतात.